पडद्यावरून पानाकडे: चित्रपट झालेली जुनी, मोफत पुस्तकं वाचायला कशी घ्यावीत

'फ्रँकेन्स्टाइन' मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा डोक्यात १९३१चा चित्रपट होता. कडाडणारी वीज, टेबलावर बांधलेला देह, सपाट कपाळाचा मुका राक्षस. पुस्तकात निघालं भलतंच. एक हौशी दर्यावर्दी उत्तर ध्रुवाकडे निघालाय आणि बहिणीला पत्रं लिहितोय. एक पत्र झालं, दुसरं झालं, तिसरं झालं, तरी राक्षसाचा पत्ता नाही. चुकीची फाइल उतरवून घेतली असं समजून मी ती बंद केली. गोष्ट चौथ्या पत्रात सुरू होते हे कळायला मधे दोन वर्षं गेली.

चित्रपट आवडला म्हणून मूळ पुस्तकाकडे वळणारे बहुतेक जण असेच पहिल्या तीस पानांत गळतात. त्यांना वाटतं, आपली वाचायची सवय मोडली किंवा भाषा झेपत नाही. माझ्या मते अडचण तिसरीच असते. आपण पुस्तकात चित्रपट शोधत बसतो. खरं तर चित्रपट पाहिलेला असणं हे नवख्या वाचकाचं भांडवल आहे. कोण कोणाचा कोण, पुढे काय होणार, हे ओझं आधीच उतरलेलं असतं, त्यामुळे जुन्या लेखकाची संथ चाल सोसते. हे भांडवल वापरायचं कसं, ते आता टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी एक कागद घ्या

पुस्तक उघडण्यापूर्वी चित्रपटातल्या ठळक आठवणाऱ्या पाच गोष्टी लिहून काढा. प्रसंग, एखादी वस्तू, एखादा संवाद, काहीही चालेल. पाचच. कागद पुस्तकासोबत ठेवा (फोनवर वाचत असाल तर फोनमध्येच). त्याचं काय करायचं ते पुढे येईलच.

पहिलं पुस्तक बारीक असू द्या

'वॉर अँड पीस'ने सुरुवात करणारे लोक मी पाहिलेत. ते अजून सुरुवातीच्या मेजवानीतून बाहेर आलेले नाहीत. पहिलं पुस्तक एका बैठकीत, फार तर दोन-तीन संध्याकाळी संपणारं निवडा.

'द क्युरियस केस ऑफ बेंजामिन बटन' ही फिट्झजेराल्डची १९२२ची कथा आहे. २००८चा चित्रपट पावणेतीन तासांचा. कथा तासाभरात वाचून होते. चित्रपट हळवा आहे, कथा मात्र खट्याळ. तिथे जन्मलेलं 'बाळ' म्हणजे पाळण्यात पाय बाहेर काढून बसलेला दाढीवाला म्हातारा आहे आणि तो बापाशी कुरकुरत बोलतोसुद्धा.

दस्तयेवस्कीची 'व्हाइट नाइट्स' (१८४८) चार रात्री आणि एका सकाळीची गोष्ट. विस्कोंतीने तिच्यावर १९५७ साली चित्रपट केला, आपल्याकडे २००७चा 'साँवरिया' तिच्यावरूनच आला. चित्रपटांतल्या नायकांना नावं आहेत. कथेतला निवेदक अखेरपर्यंत बिननावाचा राहतो, आणि वाचताना ते फार खोल लागतं.

प्रेमचंदांची 'शतरंज के खिलाड़ी' ही तर काही पानांचीच. सत्यजित राय यांनी १९७७च्या चित्रपटात तिच्याभोवती नवाब, रेसिडेंट, कंपनी सरकारचं राजकारण असं बरंच काही उभं केलं. शेवटी त्या दोन बुद्धिबळवेड्यांचं काय होतं, याची कथेतली आणि चित्रपटातली उत्तरं एकमेकांच्या अगदी उलट आहेत. ती इथे सांगत नाही. पण पाहून झाल्यावर लगेच वाचा, म्हणजे दोन कलावंत एकाच मालातून काय काय काढतात ते एका संध्याकाळी कळेल.

'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड' (१८८६) हेही लहानसं पुस्तक. पण त्यातलं कोडं आज जगजाहीर झालंय. स्टीव्हन्सनने ते एका वकिलाच्या संशयातून जवळजवळ शेवटपर्यंत झाकून ठेवलं होतं. चित्रपटांना ते सुरुवातीलाच उघडं करावं लागतं, कारण नटाचं रूप पालटताना पाहायलाच तर लोक येतात. उत्तर माहीत असताना वाचलं की लपवाछपवीचं कसब दिसतं. मला ते पुस्तक असंच जास्त आवडलं.

पुस्तक खरंच मोफत आहे का?

जुनं म्हणजे मोफत, हा गोड गैरसमज आहे. कॉपीराइट कधी संपतो ते देशागणिक बदलतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं. (पूर्वी ५० होती; रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा ती वाढवली गेली.) युरोपातल्या बहुतेक देशांत ७० वर्षं. अमेरिकेत जुन्या पुस्तकांसाठी लेखकाच्या मृत्यूऐवजी प्रकाशनाचं वर्ष धरतात आणि तिथून ९५ वर्षं मोजतात. मुदत कुठलीही असो, पुस्तक मोकळं होतं ते १ जानेवारीला.

त्यातून गमती होतात. 'गॉन विथ द विंड' १९३६ साली आलं, मार्गारेट मिचेल १९४९ साली गेल्या. म्हणजे भारतात हे पुस्तक २०१० पासून मोकळं आहे, अमेरिकेत मात्र ते २०३२ साली होईल.

मराठीतली गंमत याहून नामी. हरि नारायण आपटे आणि नारायण हरि आपटे. नावं उलटसुलट, दोघेही कादंबरीकार, दोघांच्याही कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. हरिभाऊंच्या 'गड आला पण सिंह गेला'वर बाबूराव पेंटरांनी १९२३ साली 'सिंहगड' हा मूकपट केला. हरिभाऊ १९१९ साली गेले, त्यामुळे त्यांची पुस्तकं केव्हाच सर्वांची झाली. ज्या कादंबरीवर 'प्रभात'चा 'कुंकू' (१९३७) उभा आहे ती 'न पटणारी गोष्ट' मात्र नारायण हरि आपट्यांची. ते गेले १९७१ साली. म्हणजे त्यांची पुस्तकंही १ जानेवारी २०३२लाच मोकळी होतील, अमेरिकेतल्या 'गॉन विथ द विंड'च्या नायिकेच्या, स्कार्लेट ओहाराच्या जोडीने. नाव घाईत वाचून भलत्याच आपट्यांचं पुस्तक मोफत समजणारे कमी नाहीत, म्हणून मृत्यूचं वर्ष तपासा. दोन मिनिटांचं काम आहे.

अनुवादाचं गणित वेगळं असतं. मूळ पुस्तक मुक्त झालं तरी अनुवादकाचा हक्क त्याच्या स्वतःच्या मृत्यूपासून मोजला जातो. टॉलस्टॉय केव्हाचा मुक्त आहे, पण गेल्या वीस-तीस वर्षांत झालेला त्याचा मराठी किंवा इंग्रजी अनुवाद मुक्त नाही. इंग्रजीत कॉन्स्टन्स गार्नेट (मृत्यू १९४६) आणि लुईस व एल्मर मॉड (दोघेही १९३०च्या दशकाअखेर गेले) यांचे रशियन अनुवाद आज मोफत मिळतात आणि ते चांगलेही आहेत. मराठी अनुवाद वाचायचा तर बहुधा तो विकत किंवा ग्रंथालयातून घ्यावा लागेल. अवश्य घ्या. मोफत मिळतं म्हणून न झेपणाऱ्या भाषेत वाचण्यात काही शहाणपण नाही.

कुठून घ्यावं, आणि कुठली आवृत्ती

प्रोजेक्ट गुटेनबर्ग हे यातलं सगळ्यात जुनं घर, १९७१ पासूनचं. ७० हजारांहून जास्त पुस्तकं तिथे आहेत. मात्र ते अमेरिकेचा कायदा पाहून पुस्तक ठेवतात, तुमच्या देशातलं तुम्ही पाहायचं. स्टँडर्ड ईबुक्सवर तीच पुस्तकं नीट अक्षरजुळणी करून, मुद्रणदोष काढून मिळतात. संख्या कमी, पण डोळ्यांना सुख. मराठी आणि इतर भारतीय भाषांतल्या जुन्या मजकुरासाठी विकिस्रोत पाहा. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या छापील प्रतींची छायाचित्रं असतात. तिथे सगळंच मुक्त नसतं, काही पुस्तकं फक्त उसनी मिळतात. ऐकायचं असेल तर लिब्रिव्हॉक्स. तिथे स्वयंसेवक वाचतात, त्यामुळे आवाज बरावाईट लागतो. पहिली पाच मिनिटं ऐका, कान कुरकुरला तर त्याच पुस्तकाचं दुसऱ्याने केलेलं वाचन आहे का ते बघा. फाइल उतरवताना ईपब घ्या, म्हणजे पडद्याच्या मापाने अक्षरं जुळवून घेणारी फाइल. पीडीएफवर फोनच्या पडद्याला झुंजत बसू नका.

आता आवृत्तीबद्दल, कारण माणसं फसतात ती इथे.

ज्यूल्स व्हर्नचं 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' घ्या. १८७०च्या दशकात लुईस मर्सियर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद शंभर वर्षं सगळीकडे छापला जात राहिला. त्यात मूळ पुस्तकाचा पाचवा हिस्सा तरी गाळलेला आहे आणि शास्त्रीय तपशिलांत ढोबळ चुका आहेत. व्हर्न म्हणजे लहान मुलांसाठी लिहिणारा भाबडा लेखक, असा इंग्रजी वाचकांचा समज व्हायला हे मोठं कारण ठरलं. गुटेनबर्गवर हा अनुवाद आहे आणि एफ. पी. वॉल्टर यांचा पूर्ण, नवा अनुवादही आहे. दुसरा घ्या. (जाता जाता, वीस हजार लीग्ज ही खोली नाही. पाण्याखालून केलेल्या प्रवासाचं ते अंतर आहे.)

'लिटल विमेन' दोन भागांत आलं, १८६८ आणि १८६९ साली. काही आवृत्त्यांत पहिलाच भाग असतो. अनुक्रमणिका पाहा: ४७ प्रकरणं असतील तर पुस्तक पूर्ण आहे, २३ असतील तर निम्मंच. २०१९चा चित्रपट दोन्ही भागांत सतत मागेपुढे उड्या मारतो. तो पाहून तुम्ही निम्मं पुस्तक घेतलंत तर चित्रपटातला अर्धा ऐवज सापडणारच नाही.

'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ची घ्यायची की १८३१ची? मेरी शेलीने स्वतःच दुसऱ्यांदा हात फिरवला. पहिलीत एलिझाबेथ ही व्हिक्टरची आतेबहीण, दुसरीत ती सांभाळायला आणलेली अनाथ मुलगी. दुसरीत नशिबाची भाषा वाढली. मला पहिली जास्त धारदार वाटते, पण नवख्याने कुठलीही घ्यावी, फक्त कुठली घेतली ते ठाऊक असावं.

आणि मुखपृष्ठावर 'संक्षिप्त', 'सुलभ', 'मुलांसाठी' असं काही दिसलं तर ते पुस्तक तूर्त खाली ठेवा. प्रस्तावना शेवटी वाचा. अभिजात पुस्तकांच्या प्रस्तावना लिहिणारे विद्वान शेवट पहिल्याच परिच्छेदात सांगून मोकळे होतात.

आधी काय, चित्रपट की पुस्तक?

या वादात लोक तावातावाने भांडतात. माझा साधा हिशोब असा: पात्रं वीसपेक्षा जास्त असतील तर आधी चित्रपट. रशियन कादंबरीत एकाच माणसाला तीन नावांनी हाक मारतात. प्रत्येक नावाला एक चेहरा मिळाला की वाचन निम्मं सोपं होतं. रहस्यकथा असेल तर आधी पुस्तक, दुसरा विचारच नको. होम्सच्या कथा इथे येतात. 'एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन' हे वाक्य कॉनन डॉयलच्या एकाही कथेत जसंच्या तसं नाही, हे तुम्हाला वाचूनच कळू दे असं म्हणणार होतो, पण सांगून बसलो.

बाकी सगळ्याला जे हाताशी असेल ते आधी.

पहिली तीस पानं

जुनी कादंबरी 'ही गोष्ट खरी घडली' असा आव आणत येते. म्हणून पत्रं, रोजनिशी, सापडलेली हस्तलिखितं. 'ड्रॅक्युला' (१८९७) अख्खीच अशी आहे: रोजनिश्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं. पहिली चार प्रकरणं किल्ल्यातली, थरारक. पाचव्या प्रकरणात एकदम दोन मैत्रिणींची लग्नाबिग्नाची पत्रं सुरू होतात आणि वाचक हिरमुसतो. तिथे थांबू नका. ही ओळख पुढच्या भीतीची तयारी आहे. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवून वाचा: इतके सगळे जण लिहितायत, पण खुद्द ड्रॅक्युलाची रोजनिशी कुठेच नाही. चित्रपटात तो कायम समोर असतो. पुस्तकात बहुतेक वेळ त्याच्याबद्दल नुसतं ऐकायचं. वाटणारी भीती त्या गैरहजेरीतली आहे.

निवेदन कोण करतंय, हे पहिल्या पानालाच विचारा. एवढ्याने निम्मी कोंडी फुटते. शब्द अडले तर दर पानाला दोनच शोधा, बाकीचे जाऊ द्या.

पानं गाळायला हरकत नाही, मात्र कुठली ते बघून. 'मोबी डिक'मध्ये १३५ प्रकरणं आहेत आणि त्यात देवमाशांच्या जाती, चरबी, दोर, हाडं यांवर बरीच खर्च झालीत. बत्तिसावं प्रकरण म्हणजे तर देवमाशांचा ज्ञानकोशच. पहिल्या वाचनात ते चाळा. 'ले मिझराब्ल'मध्ये ह्यूगो मध्येच वॉटर्लूच्या लढाईवर तब्बल १९ प्रकरणं लिहितो. गोष्टीशी त्यातल्या फक्त शेवटच्याचा धागा जुळतो, तेवढं सोडू नका. त्या रात्री रणांगणावर कोण फिरतंय ते कळलं नाही तर पुढचं बरंच अधांतरी राहतं.

आता तो कागद काढा

वाचता वाचता पाचपैकी जी गोष्ट पुस्तकात सापडेल तिच्यापुढे खूण करा. शेवटी ज्या उरतील त्या चित्रपटवाल्यांच्या. प्रत्येकीपुढे एकच प्रश्न लिहा: हे का घातलं असेल? मला या खेळात पुस्तकाइतकीच मजा येते.

'द विझर्ड ऑफ ऑझ' म्हटलं की लाल बूट. बॉमच्या १९००च्या पुस्तकात ते चांदीचे आहेत. १९३९च्या चित्रपटाकडे टेक्निकलर, म्हणजे रंगीत चित्रणाचं तंत्र होतं आणि पिवळ्या रस्त्यावर चांदीपेक्षा लाल रंग उठून दिसणार होता. चित्रपटात शेवटी सगळं स्वप्न ठरतं. पुस्तकात डोरोथी खरोखरच जाऊन आलेली आहे. आणि पुस्तकातलं पाचूचं शहर हिरवं दिसतं, कारण वेशीवर प्रत्येकाच्या डोळ्यांना हिरवा चष्मा कुलूप लावून चढवतात! हा टोमणा चित्रपटातून निसटला.

'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' म्हटलं की फुगा, हो ना? पुस्तकात फिलिअस फॉग रेल्वे, बोटी, हत्ती, शिडाची घसरगाडी यांतून फिरतो, फुग्यात एकदाही बसत नाही. फुगा १९५६च्या चित्रपटाने डोक्यात घातला. व्हर्नची फुग्याची कादंबरी वेगळीच, १८६३ची 'फाइव्ह वीक्स इन अ बलून'.

'जंगल बुक'मधला का हा अजगर १९६७च्या कार्टूनपटात मोगलीला गिळायला टपलेला आहे. किपलिंगच्या पुस्तकात तो मोगलीला पळवून नेणाऱ्या माकडांच्या तावडीतून सोडवतो. माकडांचा राजा लुई पुस्तकात नाहीच. माकडांना राजा नाही, कायदा नाही, हाच किपलिंगचा मुद्दा. शिवाय पहिल्या 'जंगल बुक'मधल्या सातांपैकी तीनच कथा मोगलीच्या आहेत, आणखी पाच 'सेकंड जंगल बुक'मध्ये. मोगलीसाठी वाचताय तर दोन्ही उतरवून घ्या.

उन्हाने जळून मरणारा पिशाच्च? स्टोकरचा ड्रॅक्युला लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो, फक्त त्याच्या शक्ती उणावतात. सूर्यकिरणाने मरण्याची कल्पना १९२२च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटाची. तो चित्रपट परवानगी न घेता केला होता. नावं बदलली तरी स्टोकरच्या विधवेने खटला भरला आणि न्यायालयाने प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही प्रती वाचल्या म्हणून आज पिशाच्चांना ऊन सोसत नाही.

'देवदास' मुद्दाम शेवटी ठेवला. शरच्चंद्रांच्या १९१७च्या कादंबरीत पारो आणि चंद्रमुखी एकमेकींना भेटत नाहीत. बिमल रॉय यांच्या १९५५च्या चित्रपटात त्या रस्त्यात समोरासमोर येतात, नजरानजर होते आणि न बोलता पुढे जातात. २००२ साली त्या एकत्र नाचतात. न भेटणं, नुसतं बघणं, नाचणं: तीन काळांत त्याच दोन बायका. कादंबरी लहान आहे, दोन-तीन बैठकींत होते, आणि पडद्यावरच्या कुठल्याही देवदासापेक्षा पुस्तकातला देवदास जास्त चिडचिडा आणि कमी देखणा वाटतो.

चाल किती ठेवावी

यातली कित्येक पुस्तकं मुळात हप्त्याहप्त्याने छापून आली. डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ अशी दर आठवड्याला येत होती. तिची ५९ प्रकरणं एका सुट्टीत संपवायचा हट्ट धरला की धाप लागते. आठवड्याला तीन-चार वाचा, प्रत्येक हप्त्याच्या शेवटी त्याने वाचकाला कसं टांगून ठेवलंय ते आपोआप जाणवेल. (या कादंबरीला दोन शेवट आहेत. चांगल्या आवृत्तीत दोन्ही असतात.) 'ड्रॅक्युला'साठी त्याहून छान युक्ती: रोजनिशी ३ मे रोजी सुरू होते आणि नोव्हेंबरात संपते. त्या त्या तारखेची नोंद त्या त्या दिवशी वाचायची. मधे कधी आठ-आठ दिवस काहीच येत नाही, आणि किल्ल्यात अडकलेल्या माणसाचं काय झालं असेल या काळजीत आपण हिंडतो.

वाचून झाल्यावर

चित्रपट पुन्हा पाहा, आणि जमल्यास सगळ्यात जुना शोधून पाहा. जुने चित्रपटही पुस्तकांसारखेच मुक्त होत जातात. 'फ्रँकेन्स्टाइन'चा पहिला चित्रपट १९१०चा, एडिसनच्या कंपनीचा, जेमतेम पंधरा मिनिटांचा. त्यात राक्षसात जीव ओतायला वीज नाही, प्रयोगशाळेचा मनोरा नाही. शेलीच्या पुस्तकातही नाही. तिथे व्हिक्टर आपली युक्ती शेवटपर्यंत सांगतच नाही. तिथला राक्षस मुकाही नाही. तो मिल्टन वाचतो आणि १८३१च्या आवृत्तीत अकराव्या प्रकरणापासून सोळाव्यापर्यंत स्वतःची कहाणी स्वतः सांगतो. १९१०च्या चित्रपटवाल्यांनी काय केलं, तर रसायनांनी भरलेली एक भलीमोठी कढई ठेवली, एक पुतळा जाळला आणि ती फिल्म उलटी फिरवली. धुरातून हाडांवर मांस चढत जातं आणि तो हळूहळू उठून बसतो.